पातेलं माझं, पंच साहेबांचा

"दारू! मार्गशीर्षातल्या गुरुवारी, देव्हाऱ्यासमोर, दारू शिजतेय माझ्या घरात!"

हा आवाज माझ्या सासूबाईंचा. आदल्याच संध्याकाळी त्या मिरजेहून जयपूरला आल्या होत्या, गाड्या बदलत, हाडं खिळखिळी होईपर्यंत प्रवास करून, पण आवाजाचं एक हाड हललं नव्हतं. अतिशयोक्ती करत नाही. आमच्या दुर्गापुरा स्टेशनात उभी असलेली पॅसेंजर सिग्नल न बघता सुटली. टोंक रोडवर गाडा ओढणारा उंट गाड्यासकट फूटपाथवर चढला. आणि शेती संशोधन केंद्रातला कोवळा गहू सकाळी सकाळी मान टाकून आडवा झाला, त्याच्यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी नंतर काय संशोधन केलं असेल कोण जाणे.

मी गॅसपाशी, हातात डाव. पातेल्यात दारूचा थेंब नव्हता. तांबूस होईपर्यंत जाळलेली साखर, तीवर पाणी, दालचिनी, लवंगा, सुंठेचा तुकडा, चार मिरे आणि नागपुरी संत्र्याची पातळ सोललेली साल, एवढंच मंद आचेवर रटरटत होतं. संध्याकाळी नाताळची जेवणं होती आणि हा अर्क जितका मुरेल तितका रमचा पंच चांगला होतो. बाटली होती, नाही असं नाही. ती बूच न काढलेली, ओट्याच्या कडेला उभी होती. आता देव्हाराही त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, कारण जयपूरच्या त्या भाड्याच्या घरात पूर्वेला तोंड करून बसायला देवांना दुसरी जागाच नव्हती.

"आई, ह्यात दारू नाही. नुसतं मसाल्याचं पाणी आहे."

"आणि ती बाटली काय गुलाबपाण्याची आहे?"

"पण मार्गशीर्ष संपला आई. पौष लागला. हे बघा ना." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे डाव दाखवला. नाक्यावरच्या किराणावाल्या भैयाने दिवाळीला दिलेलं, वर लक्ष्मी, खाली हिंदीतून तिथ्या.

सासूबाई कॅलेंडरच्या जवळसुद्धा गेल्या नाहीत. नापास मुलाच्या पेपराकडे मास्तर बघतात तसं लांबूनच बघितलं. "परवा अमावास्या. अमावास्या यायचीय आणि महिना संपला? तुमच्या जयपुरात चंद्र निराळा उगवतो का गं?"

आणि माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला.

कारण त्या बरोबर होत्या. इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणजे आपला मार्गशीर्ष लागायच्या पंधरवडाभर आधीच ह्यांचा लागलेला असतो आणि आपला अर्धाच झाला की ह्यांच्याकडे पौष. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण दरवर्षी सासूबाई दिवाळीला येताना मराठी कॅलेंडर गुंडाळी करून आणत, त्यावरून माझे महालक्ष्मीचे गुरुवार बिनचूक होत. त्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दिवाळीला त्या आल्या नाहीत, कॅलेंडर आलं नाही. मी भैयाच्या लक्ष्मीवर विश्वास टाकला. गुरुवार केले, उद्यापन केलं, सवाष्णींना हळदीकुंकू दिलं, आणि मोकळी झाले.

"तुझे पहिले गुरुवार तर कार्तिकातच गेले की!" सासूबाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "बोलावणं महिन्याआधी आणि पाहुणी येईल त्या दिवशी घरात रम! आजचा शेवटचा गुरुवार आहे. कलश मांड, उपास धर. आणि ते मोरीत ओत आधी."

इथपर्यंत मला राग आला नव्हता. हसूच येत होतं खरं तर. राग आला तो पुढच्या मिनिटाला, जेव्हा अर्ध्या गालाला साबणाचा फेस लावलेले आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"काय झालं?"

"अरे, ही बघ काय करत बसलीय!"

ह्यांनी पातेल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आणि एका विमा अधिकाऱ्याच्या शांतपणे, दावा नामंजूर करतानाच्या आवाजात मला म्हणाले, "तू कशाला हात लावतेस गं त्याला? बाजूला हो. दरवर्षी मीच करतो, आजही मी करीन."

आता हे वाक्य नीट वाचा. कारण त्या पंचाला ह्या माणसाने आयुष्यात कधी हात लावलेला नव्हता. ओतायला लावला होता, प्यायला लावला होता. करायला, कधीही नाही.

पंच माझा. आमची बदली मडगावला होती तेव्हा आमच्या घरमालकीणबाईंनी मला तो शिकवला. तीन नाताळ त्या चुलीपाशी मी बसले तेव्हा कुठे शिकवला. पहिल्या वर्षी फक्त संत्री सोलायला दिली. साल काढायची ती अशी, की तिला पांढरं लागता कामा नये, पांढरं लागलं की कडू. दुसऱ्या वर्षी साखर जाळायला दिली. साखर कुठल्या क्षणी तांबड्याची काळी होते, हे तोंडाने सांगता येत नाही, हात भाजून घ्यावा लागतो. तिसऱ्या वर्षी त्यांनी खरी गोष्ट सांगितली. "बाय, रम म्हणजे पाहुणी. तिला चुलीवर बसवायची नाही. सगळं झालं, आग विझली, पातेल्याला बोट लावून धरता आलं, की मग तिला आत घ्यायची आणि दार लावून घ्यायचं." म्हणजे झाकण. तापत्या पातेल्यात ओतली तर तिचा सगळा जीव वाफेबरोबर छपराला जातो आणि खाली राहतो तो तिचा मुडदा.

जयपूरच्या पहिल्या नाताळला मी हा पंच केला. इथली आमची मराठी घरं दहा-बारा, बँकेतली, विम्यातली, काही फौजेतली. नाताळला शाळा-कचेऱ्या बंद, थंडी अशी की डब्यातलं खोबरेल विटेसारखं घट्ट, तेव्हा सगळे एकमेकांच्या गच्चीवर जमत. हिरवे मटार, तिळगुळाची गजक, भाकरी, झुणका आणि गप्पा. त्या वर्षी पंचाचा पहिला घोट घेतला आणि माणसं अक्षरशः गप्प झाली. दहा मराठी माणसं एका गच्चीवर आणि गप्प! मग कुणीतरी विचारलं, "हे कुणी केलं हो?"

डाव तेव्हा ह्यांच्या हातात होता. म्हणाले, "आपलाच हात."

मी वाट बघत राहिले. आता हसतील, आता म्हणतील, छे हो, हिने केलाय. नाही हसले. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणे, "अगं, आईच्या कानावर गेलं असतं तर? सूनबाई दारू शिजवते म्हणून?" त्यांची आई तेव्हा हजारावर किलोमीटर लांब, मिरजेत, गाढ झोपेत.

मग ते पीक फोफावलं. दुसऱ्या वर्षी पंचाला नाव पडलं, 'साहेबांचा पंच'. तिसऱ्या वर्षी ह्यांनी तो मुरगावच्या बंदरात एका म्हाताऱ्या कप्तानाकडून शिकल्याची गोष्ट सुरू केली. दर नाताळला कप्तान थोडा म्हातारा आणि जहाज थोडं मोठं व्हायचं. चौथ्या वर्षी कप्तानाचा एक डोळा गेला. हा माणूस उभ्या जन्मात फेरीबोटीपेक्षा मोठ्या कशावर चढलेला नाही, आणि त्या फेरीबोटीतही नदीच्या अर्ध्यात त्याला उलटी झाली होती, पिशवी मी धरली होती.

आणि बायका मला म्हणायच्या, "वहिनी, नशीबवान हो तुम्ही! मिस्टर स्वयंपाकघरात उतरतात!"

मी हसायची. दात इतके आवळून, की एका नाताळला मागची दाढ हलली. डॉक्टर म्हणाला, सुपारी खाता का? म्हटलं, नाही, कौतुक खाते. नवऱ्याचं.

पण आईसमोर, माझ्या पातेल्याशी उभं राहून, माझा डाव त्यात बुडालेला असताना म्हणायचं की दरवर्षी मीच करतो? लोकांत मिरवण्यासाठीचं खोटं मी समजू शकते. हे खोटं तर त्यांचं त्यांनाच खरं वाटायला लागलं होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले की निदान एक पापणी तरी लवेल. नाही लवली. फेस मात्र ओघळला.

मी डाव धुतला, खुंटीला लावला आणि म्हटलं, "करा."

सासूबाईंनी स्वतः उभं राहून माझा अर्क मोरीत ओतायला लावला. दालचिनीचा तो वास मोरीतून दिवसभर येत होता, मेलेल्या माणसाच्या पेटीतून अत्तराचा यावा तसा. मी एवढंच विचारलं, "आई, मग ह्यांनी केलेलं चालतं का? गुरुवार तर ह्यांचाही आहे."

"पुरुषांना कुठला आलाय मार्गशीर्ष," त्या म्हणाल्या. "बाहेर काय करायचं ते करू दे. घरात नको आणि बाईनं नको."

म्हणजे देवीला दारू चालत नाही असं नव्हतं. देवीला बाई चालत नव्हती.

त्या वर्षीचा कार्यक्रम होता कर्नलसाहेबांच्या बंगल्यावर. हे कर्नल साताऱ्याकडचे, नुकतेच जयपूरच्या छावणीत बदलून आलेले. त्यांनी महिनाभर आधीच ह्यांना फोनवर सांगितलं होतं, "साहेब, तुमच्या पंचाची कीर्ती ऐकलीय. ह्या वेळी डब्यात भरून नाही आणायचा. आमच्या लॉनवर, अंगीठीवर, सगळ्यांसमोर करून दाखवायचा." आणि हे म्हणाले होते, "हुकूम, सर!" फोन ठेवून माझ्याकडे वळले होते, "तू अर्क करून दे, मी तिथं जाऊन रम ओतेन. कुणाला कळतंय?" सकाळचं ते पातेलं त्यासाठीच चढलं होतं. ते आता मोरीत.

दुपारी मी चौरंगावर कलश मांडला. पाच पानं, नारळ, वेणी, हळदीकुंकू. सिल्कची साडी नेसून कथा वाचायला बसले. पडद्यामागून खोकला आला.

"अगं, जरा ऐकतेस?"

मी वाचत राहिले.

"लवंगा किती घालायच्या?"

मी पोथीवर बोट ठेवलं. "आज माझ्या तोंडून दारूची गोष्ट निघायची नाही. आईंनी सांगितलंय."

"मी दारूची कुठं विचारतोय? लवंगांची विचारतोय."

"त्या लवंगा कुठं जाणार आहेत?"

पडद्यामागून हळूच, "निदान आधी काय घालायचं ते तरी सांग. साखर की पाणी?"

"कप्तान काय म्हणाला होता?"

पडदा हलला आणि निघून गेला. शेजारच्या खोलीत जपाची माळ थांबल्यासारखी वाटली, पण सासूबाईंचं ऐकू येणं त्यांच्या सोयीप्रमाणे कमीजास्त होत असे, तेव्हा मी काही खात्री देत नाही. मी पुढचं वाचलं: उतायचं नाही, मातायचं नाही, घेतला वसा टाकायचा नाही. मी तेव्हा उतलेही नव्हते आणि मातलेही नव्हते. फक्त उकळत होते, झाकण ठेवून.

दिवेलागणीला आरती झाली, पुरणाचा नैवेद्य झाला, आणि आम्ही तिघं छावणीत गेलो. सासूबाई येणार नव्हत्या, पण कर्नलांच्या बायकोने मुद्दाम फोन करून "आईजी, ओटी भरायला तरी या" म्हटलं, तेव्हा पश्मिन्याची शाल काढली. आम्हा दोघींना व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या दिल्या. समोर लॉन, लॉनवर कोळशाची अंगीठी, अंगीठीवर एवढं मोठं पातेलं, आणि पातेल्यापाठीमागे, गळ्याला मफलर गुंडाळून, बाह्या सरसावून, हे.

सुरुवात कप्तानापासून झाली. त्या रात्री कप्तानाचा दुसरा डोळाही गेला आणि तो केवळ वासावरून जहाज हाकू लागला. लोक खूश. मग ह्यांनी एक बाटली उघडली, आणि सगळ्यात आधी, रिकाम्या, तापलेल्या पातेल्यात, रम ओतली.

मी खुर्चीचा हात धरला.

रमने जो काय 'चर्र' आवाज केला, तो मला मडगावपर्यंत ऐकू गेल्यासारखा वाटला. वाफेचा लोट उठला. त्या लोटातून उडत गेलेलं कबुतर समोरच्या झेंड्याच्या खांबाला दोन वेळा धडकलं आणि तिसऱ्या वेळी त्याच्याशी गप्पा मारत बसलं. हे हसतच होते. दुसरी बाटली, तिसरी बाटली. मग किन्नू आले. संत्रीसुद्धा नाहीत, किन्नू, इकडचे ते जाड सालीचे. ते पिळले आणि पिळलेली सालं, बिया, पांढऱ्यासकट, आत! मग कर्नलांच्या स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा मागवला आणि हाताला लागेल ते मूठमूठ टाकलं. मोठी वेलची. शहाजिरं. तमालपत्र.

कर्नलांची बायको डेहराडूनला वाढलेली, मराठी बेताचंच. ती माझ्या कानाशी वाकली. "वहिनी, मतलब... भाईसाहेब पुलाव बनवत आहेत का?"

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं.

अर्धा तास रम खदखदत राहिली. शेवटी ह्यांनी ग्लास भरले. कर्नलांनी पहिला घोट घेतला आणि त्यांच्या मिशा, ज्या मला वाटतं शत्रूपुढेही कधी झुकल्या नसतील, दोन्ही बाजूंनी सावकाश खाली आल्या. पुन्हा दहा मराठी माणसं एका जागी गप्प, पण ही गप्पगिरी निराळी.

मग ह्यांच्याच कचेरीतले नागपूरचे एक साहेब म्हणाले, "काय भाऊ, हे तर सर्दीच्या काढ्यावानी लागून राहिलं!"

हशा झाला. मला वाटलं, झालं. आता कळलं सगळ्यांना. पाच वर्षांचं कर्ज आज ह्या अंगीठीवर फिटलं. उपासाने रिकाम्या पोटात मला इतकं गोड वाटलं, की देवीने गुरुवार चुकल्याचं मनावर घेतलेलं नाही याची खात्रीच पटली.

तेवढ्यात जगतपुऱ्याला नवा फ्लॅट घेतलेले एक बँकवाले म्हणाले, "मसाल्याचं काहीतरी बिघडलंय. मसाला वहिनी काढून देत असतील ना?"

ह्यांनी व्हरांड्याकडे पाहिलं. ओझरतं, एकदाच.

"हो ना," हे म्हणाले. "मसाला हिनेच काढून दिला. आज उपास होता, हिचं लक्ष नव्हतं."

"तरीच!" चार-पाच जण एकदम म्हणाले, आणि सगळ्यांना बरं वाटलं. "तरीच म्हटलं, साहेबांच्या हातून असं कसं होईल!" कुणीतरी तर माझ्याकडे बघून हात हलवला. असू द्या वहिनी, होतं असं.

चांगला झाला की हात ह्यांचा. वाईट झाला की मसाला माझा.

मी उठले.

"कुठं निघालीस?" सासूबाईंनी माझा पदर धरला. "बस खाली. मार्गशीर्ष आहे."

"मिरजेत असेल, आई. इथं पौष लागलाय. कर्नलसाहेबांच्या भिंतीवर बघा."

पदर सुटला की मी ओढला, ते आठवत नाही. लॉनवर गेले, पदर कमरेला खोचला, ह्यांच्या हातातून डाव घेतला. हे म्हणाले, "अगं, अगं, लोक बघतायत!" मी फडक्याने पातेलं दोन्ही बाजूंनी धरलं आणि कर्नलांच्या गुलाबाच्या वाफ्यात पालथं केलं. त्या गुलाबांना म्हणे पुढच्या वर्षी एकही काटा आला नाही, सगळे सैल पडले होते.

"कर्नलसाहेब, एक बाटली," मी म्हटलं. "आणि संत्री. किन्नू नाहीत, संत्री."

कर्नल माणूस हुशार. स्वतः आत गेला. टोपलीतून नागपुरी संत्री घेऊन आला.

मी साखर टाकली, आणि बोलायला लागले. बोलायला म्हणजे ओरडायला. त्या लॉनवर मी ज्या आवाजात बोलले त्यापुढे सासूबाईंची सकाळची आरोळी म्हणजे अंगाई. "साखर आधी! कोरडी! तांबडी झाली की पाणी, काळी झाली की फेकून द्या आणि पुन्हा करा! मसाला चार जिनसांचा, त्यात तमालपत्र नाही! तमालपत्र बिर्याणीत! साल पातळ, पांढरं नाही, पांढरं कडू! आणि रम," मी बाटली उचलून सगळ्यांना दाखवली, "रम शेवटी! आग विझल्यावर! पातेल्याला बोट लावून धरता आल्यावर! ज्याला एवढं माहीत नाही त्याने हा पंच उभ्या जन्मात केलेला नाही!"

नाव घेतलं नाही. कुणाचंच. पण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं, कारण प्रत्येकाने आपापल्या बुटाकडे पाहिलं.

अंगीठीवरून पातेलं उतरवलं. लॉनच्या गवतावर ठेवलं. बोट लावलं. भाजलं. थांबले. थंडीत सगळे उभे, आणि मी पातेल्याशी उकिडवी बसलेली, महालक्ष्मीच्या व्रताची सिल्कची साडी नेसून, रमची बाटली मांडीत. पुन्हा बोट लावलं. आता धरता आलं. संत्र्यांचा रस घातला, रम घातली, झाकण लावलं आणि झाकणावर हात ठेवून बसून राहिले. कुणी ते झाकण उघडायला आलं असतं तर मी चावले असते.

ग्लास मीच भरले. हे पुढे आले, "दे, तू दमलीस, मी वाढतो." मी डाव सोडला नाही. प्रत्येकाला माझ्यासमोर येऊन ग्लास पुढे करावा लागला, त्या जगतपुऱ्याच्या बँकवाल्यालाही.

कर्नलांनी घोट घेतला. मिशा वर आल्या. मग त्यांनी ग्लासात पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

नागपूरकर म्हणाले, "हा तोच. दरवर्षीचाच आहे न बाप्पा."

मग सगळे थांबले. पुढचं वाक्य तिथे हवेत तयार लटकत होतं. मला कुणाच्या तोंडून भाषण नको होतं, माफी नको होती. वहिनी, म्हणजे दरवर्षी तुम्हीच, एवढंच. चार शब्द. कर्नलांच्या बायकोने सुरुवात केली, "मतलब वहिनी, आपणच..." आणि कर्नल खोकले. कुणीतरी गजकची ताटली फिरवली. कुणीतरी म्हणालं, थंडी काय पडलीय राव. आणि एकाने ह्यांच्या पाठीवर थाप मारली, "वा साहेब! तयार केलंय हां वहिनींना!"

हे हसले.

ह्यांचा ग्लास मी शेवटी भरला. पातेल्याच्या बुडाशी बसलेल्या लवंगा सगळ्याच्या सगळ्या त्यात घातल्या. त्यांनी त्या कडाकडा चावून खाल्ल्या, तोंड न वाकडं करता. एवढं मात्र मी त्यांच्याबद्दल चांगलं सांगू शकते.

परत येताना सासूबाई मारुतीच्या मागच्या सीटवर, मांडीवर ओटीचा नारळ. मी पुढे. माझ्या हातांना रमचा आणि हळदीकुंकवाचा, दोन्हींचा वास येत होता. मी वाट बघत होते. आज त्या मला सोलून काढणार, पांढऱ्यासकट, ह्याची मला खात्री होती, आणि खरं सांगते, मला ते हवंच होतं. निदान त्या तरी म्हणतील, की तू दारू शिजवलीस. तू. छावणी मागे पडली, टोंक रोड आला. दुर्गापुऱ्याचं वळण जवळ आलं तेव्हा शालीतून आवाज आला, अगदी साधा, सकाळचा नव्हेच.

"काय रे, हे एवढं सगळं हिला शिकवलं कुणी?"

घरमालकीणबाईंचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं.

गिअर बदलत हे म्हणाले, "मीच."